बाजेखालचा वास

माझं शिक्षण दहावीपर्यंत झालं, तेही दुसऱ्या खेपेला. पण एका विषयात मी स्वतःला कायम पहिल्या नंबरात धरत आलो. तो विषय म्हणजे नाक.

कडब्याच्या गंजीत हात घालायच्या आधी मी सांगायचो, आत बुरशी धरलीय, ही वैरण जनावरापुढं टाकू नका. धार काढताना दुधाचा वास जरा फिरला की सांगायचो, ह्या गाईची कास बिघडायला लागलीय. आमच्या माणदेशात पाऊस येतो कमी आणि हुलकावण्याच देतो जास्त, पण लांबच्या शिवारात चार थेंब पडले तरी वाऱ्यावरनं मला पत्ता लागायचा. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी तव्यावर पडली की घरभर जो वास सुटायचा, तो आज पन्नास वर्षांनंतरही माझ्या नाकातनं गेलेला नाही. आई खडी फोडायला जायची आणि येताना तिथं मिळालेली सुकडी पदराला बांधून आणायची. त्या सुकडीच्या वासानं आम्ही भावंडं झोपेतनं उठून बसायचो.

असं हे नाक. ह्याच नाकाच्या भरवशावर मी आयुष्यातली एक मोठी चूक केली. खरं सांगायचं तर नाकाचा त्यात काही दोष नव्हता. त्यानं त्याचं काम बरोबर केलं होतं.

सात-आठ वर्षांमागची गोष्ट. आई तेव्हा ऐंशी पार केलेली. दात गेलेले, कंबर वाकलेली, पण डोकं साफ. गळ्यात तुळशीची माळ. लग्न होऊन आली तेव्हापासनं मटण-मासळीला हात लावला नव्हता. घरात कधी कालवण शिजलं तर ती आपली ताक-भाकरी घेऊन बाहेर पिंपरणीखाली जाऊन बसायची. तिची बाज सोप्यात, भिंतीकडंला. आणि त्या बाजेखाली मोत्या.

मोत्या म्हणजे गावठी कुत्रं. पांढरं अंग, त्यावर तांबडे ठिपके. कुणीतरी ओढ्यात टाकलेलं पिल्लू, आईनं उचलून आणलेलं. दिवसा डाळिंबाच्या बागेत माझ्या मागं आणि रात्री आईच्या बाजेखाली, असा त्याचा चार वर्षांचा नेम. आईला दात नव्हते म्हणून ती भाकरी दुधात कुस्करून खायची. त्यातला अर्धा काला मोत्याचा. वर नातवाची बिस्किटं. “मी मऊ खाती, मग त्येनं का दगडं चावायची?” असं तिचं म्हणणं. कुत्रं गुबगुबीत झालं होतं. आम्हाला त्याचं कौतुकच होतं.

दसरा झाला आणि सोप्यात एक वास यायला लागला.

कसला वास म्हणून सांगू? म्हसवडच्या बाजारात सुकट-बोंबील विकणाऱ्या बायका बसतात, भर उन्हात त्यांच्या पाट्यांजवळनं गेल्यावर येतो तसा. त्यात गंजलेल्या लोखंडासारखं काहीतरी मिसळलेलं. सारखा यायचा नाही. येऊन जायचा. पण आला की घास तोंडात फिरायचा. आधी वाटलं, कुठं उंदीर मेला. मी कणगी हलवली, माळ्यावर चढलो, फरशीवर फिनेल टाकलं. वास जागचा हलला नाही. उंबऱ्यातनं आत आलो की माझं नाक मला सरळ एकाच ठिकाणी घेऊन जायचं, आईच्या बाजेपाशी.

तिथं पोचल्यावर नाकानं पुढं काही सांगायची गरजच राहिली नाही. उरलेलं माझ्या मनानं ठरवलं. म्हातारं माणूस आहे, वय झालंय, अंथरुणात होत असेल.

बायकोनं दोन्ही वाकळा ओढ्यावर नेऊन आपटून धुतल्या. आठ दिवसांनी परत धुतल्या. वास येतच राहिला. ती काही बोलली नाही, पण आईजवळ ताट ठेवताना पदर नाकाला लागायचा. सूनबाई नातवाला पणजीजवळ झोपू द्यायची बंद झाली. आणि मी काय केलं? मी बाजारातनं औषधी साबणाची एक मोठी वडी आणली आणि काही न बोलता आईच्या उशाशी ठेवली.

त्या वडीकडं आईनं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी डोळे दुसरीकडं फिरवले. एवढंच झालं. शब्द एक नाही.

दिवाळीत लेक-जावई आले, जावयाचे आईवडीलही आले. पाडव्याच्या रात्री पोरांनी दारात फटाक्यांची माळ लावली. मोत्या शेपूट पायात घालून आईच्या बाजेखाली शिरला आणि दुसऱ्या क्षणाला तो वास असा भडकला की पाव्हण्यांनी ताटावरचे हात थांबवले. विहीणबाई रुमाल काढत म्हणाल्या, “म्हाताऱ्या माणसांचं करणं लई अवघड बघा. तुम्ही करताय म्हणून.” ही गोष्ट त्या मनापासनंच बोलल्या. आई चार हातांवर बसली होती. तिला ऐकायला चांगलं यायचं.

भाऊबीज झाली, पाव्हणे गेले. त्या संध्याकाळी आई मला म्हणाली, “माजी बाज गोठ्यात टाक. हितं कोंडल्यागत हुतंय. तितं वारं तरी लागंल.”

मी म्हणायला पाहिजे होतं, आई, थंडीचे दिवस आहेत, कशाला गोठ्यात? मी तसं म्हणालो नाही. मी म्हणालो, “बरं.” आणि त्याच रात्री मी आणि पोरानं बाज उचलून गाईंच्या पलीकडं, कडब्याच्या आडोशाला टाकली. मागनं मोत्या गेला आणि बाजेखाली जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सोप्यातला वास गेला. बायको म्हणाली, “बघा.” मी मान हलवली. आमची खात्रीच पटली. आईबरोबर अजून कोण सोप्यातनं गेलंय, हे त्या घरातल्या सहा माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

आई गोठ्यात गेली आणि खंगायला लागली. ओठ सुकलेले. लघवीला जळजळ होते म्हणायची. उठताना तोल जायचा. वय झालं, असं आम्ही म्हणायचो. हे वाक्य फार सोयीचं असतं. ते एकदा म्हटलं की पुढं काही विचारावं लागत नाही.

इकडं मोत्याचं काहीतरी वेगळंच चाललेलं. अंगणात बसल्या-बसल्या पुढच्या पायांनी स्वतःला ओढत बूड जमिनीला घासत जायचा. नातू टाळ्या पिटायचा, “मोत्या गाडी चालिवतोय!” शेजारचे तात्या म्हणाले, जंत झाल्यात. मेडिकलमधनं जंताची गोळी आणून गुळात घालून दिली. फरक नाही. सारखा मागं वळून शेपटाच्या बुडाला चाटायचा, चावायचा. खाणं कमी झालं. आणि एक दिवस नातवानं त्याच्या शेपटाला हात लावला, तसा तो गर्रकन वळून अंगावर गेला. दात लागला नाही, नशीब. पण घरात रडारड झाली.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं पिसाळलंय, संपवा. एक मेंढका म्हणाला, शेपटाच्या बुडाला लोखंडाचा डाग द्या. पोरगा म्हणाला, “आण्णा, पोत्यात घालतो आन् घाटाखाली सोडून येतो.” मी त्याला नको म्हणालो नव्हतो. पोतं काढून दारात ठेवलं होतं.

आई गोठ्यातनं काठी टेकत आली. पोत्याकडं बघून म्हणाली, “दुखल्याबिगर त्यो दात दावायचा न्हाई. गाय रातची हंबारली तर तू डाक्टर आणतूस. ह्येला इचारलंस का, काय दुकतंय म्हणून? दूद देत न्हाई म्हणूनच न्हवं?”

त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी पोतं उचलून ठेवलं, शेजारच्याचं छोटं टेम्पोवानी वाहन मागितलं आणि मोत्याला तालुक्याच्या गावच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

दारात गाई-म्हशींसाठी लोखंडी खोडा. तिथं दोन म्हशी उभ्या, बाकीचे शेतकरी माझ्याकडं बघून हसत होते. कुत्रं घेऊन आलाय म्हातारा. डॉक्टर तरुण पोरगा होता. पण त्याचा हात शहाणा. त्यानं आधी विचारलं, कुणाला चावलंय का? मग कापडाच्या पट्टीचा फास करून मोत्याचं तोंड बांधलं, मला डोकं धरायला सांगितलं आणि शेपूट वर केलं.

“बाबा, हे बघा.” एका बाजूला लिंबाएवढी सूज. कातडी लालभडक, ताणलेली. आत पू दिसत होता.

मग त्यानं मला समजावून सांगितलं. कुत्र्याच्या गुदाच्या दोन्ही अंगांना कातड्याखाली दोन बारक्या पिशव्या असतात. घड्याळाची तबकडी धरली तर एक चाराच्या आकड्यावर, एक आठाच्या. त्यात एक उग्र वासाचा रस साठतो. प्रत्येक कुत्र्याच्या रसाचा वास निराळा. दोन कुत्री भेटली की आधी शेपटाखाली हुंगतात ती उगाच नाही. “त्यांचं आधारकार्ड तिथं असतं,” डॉक्टर म्हणाला. कुत्रं शी करतं तेव्हा घट्ट शी त्या पिशव्यांवर दाब देते आणि रस थोडाथोडा निघून जातो. शी कायम पातळ असली, कुत्रं लठ्ठ झालं, हिंडणं कमी झालं, कातडीची ॲलर्जी असली, तर पिशव्या रिकाम्या होत नाहीत. रस आतच घट्ट होतो, तोंड बुजतं, मग पिकतं. बूड घासणं, चाटणं, शेपटाला हात लावू न देणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. लोक सरसकट जंत समजतात.

“आणि घाबरलं की एकदम रिकामी करतं,” तो म्हणाला. “फटाके वाजले, दुसरं कुत्रं अंगावर आलं, की झालं.”

मी ऐकत होतो, पण अजून माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

त्यानं हातमोजा चढवला, बोटाला वंगण लावलं आणि आधी बरी बाजू दाबली. कापसावर मातकट रंगाचा, खळीसारखा घट्ट ऐवज आला. आणि वास सुटला.

सुकट-बोंबलाचा, गंजलेल्या लोखंडाचा.

माझ्या हातातनं मोत्याचं डोकं सुटायला लागलं. सोप्यातला वास. आईच्या बाजेपाशचा वास. तोच, त्यात रतीभर फरक नाही. पाडव्याची रात्र, फटाक्यांची माळ, बाजेखाली शिरलेलं कुत्रं, विहीणबाईंचा रुमाल, सगळं एकामागं एक डोळ्यांपुढनं गेलं. आणि उशाशी ठेवलेली ती वडी.

डॉक्टरला वाटलं मला मळमळतंय. म्हणाला, “बाबा, तुम्ही बाहेर बसा. हा वास सगळ्यांना सोसत नाही.” मी म्हणालो, “वासाचं काही नाही डॉक्टर.” पण मी बसलोच, तिथंच फरशीवर.

त्यानं पिकलेली बाजू भूल देऊन उघडली, पू काढला, धुतली, आत औषध भरलं. इंजेक्शन दिलं, पिसाळल्याची लसही टोचली. पुढचे आठ दिवस गोळ्या, आणि कोमट पाण्यात फडकं बुडवून दिवसातनं दोनदा शेक. आपल्या दुखण्याच्या गोळ्या त्याला चुकूनही देऊ नका, त्या कुत्र्याला बाधतात, म्हणून बजावलं. खाण्याचंही विचारलं. दूध-भाकरीचा काला आणि बिस्किटं म्हटल्यावर तो हसला. म्हणाला, ते बंद. कोरडी भाकरी द्या, लाल भोपळा शिजवून त्यात कालवा, हिंडवा, वजन उतरवा. पिशव्या उगाच सारख्या दाबत बसू नका, धडधाकट कुत्र्याला त्याची गरज नसते. सूज किंवा रक्त दिसलं तर घरी हात लावू नका, इकडं घेऊन या.

घरी आलो. बायको टेम्पोजवळ आली. माझ्या सदऱ्याला तो वास चिकटला होता. ती एकदम थांबली. “आवं, ह्यो तर…” म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. ह्या खेपेला वासासाठी नाही.

मी गोठ्यात गेलो. आई बाजेवर बसली होती. मोत्या झिंगलेल्या पावलांनी गेला आणि तिच्या पायांत डोकं घालून पडला. काय बोलावं, कुठनं सुरुवात करावी, मला सुधरत नव्हतं. शेवटी म्हणालो, “आई, त्यो वास मोत्याचा व्हता.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. गाय रवंथ करत होती, तेवढाच आवाज. मग म्हणाली, “म्हंजी माजा न्हवता?”

“न्हाई.”

“मला वाटलं माजाच हाय. मला काय वास येत न्हाई आता. तुमी समदी नाक धरताया, म्हंजी आसंल म्हणलं.” मग मोत्याच्या डोक्यावरनं हात फिरवत म्हणाली, “माळकरी बाईच्या अंगाला मासळीचा वास. म्हणलं कुटल्या जल्माचं पाप हाय कुणाला ठावं.”

मग तिनं तांब्या मागितला. मी भरून दिला. दिवस मावळला होता. सबंध तांब्या तिनं एका दमात रिकामा केला आणि अजून एक मागितला. तेव्हा मला कळलं. रात्री उठावं लागू नये, वाकळ भिजू नये, म्हणून तिनं दुपारनंतर पाणी प्यायचंच सोडलं होतं. ओठ का सुकले, जळजळ कशाची, तोल का जातो, सगळ्याचं उत्तर त्या तांब्यात होतं. गाईनं एक दिवस पाणी कमी प्यालं तरी माझ्या ध्यानात येतं.

त्याच रात्री बाज परत सोप्यात आणली. उशी उचलताना खाली कागदात गुंडाळलेलं काहीतरी सापडलं. ती साबणाची वडी. पिंपळाच्या पानाएवढी पातळ झालेली. दिवसातनं किती वेळा तिनं स्वतःला घासलं असेल, तिलाच ठाऊक. बायको त्या चिपेकडं बघत बसली आणि मग आईच्या पायाशी जाऊन रडली. आई तिला म्हणाली, “आगं, तुजा काय दोस. मीच कुत्र्याला दूद पाजून पाजून आजारी पाडलं न्हवं?” म्हणजे त्यातही चूक तिनं स्वतःकडंच घेतली. मी मात्र रडलो नाही. मला ते जमलं नाही. माफीही मी तोंडानं कधी मागितली नाही. मोत्याला शेक द्यायचं काम मी स्वतःकडं घेतलं, आणि रोज संध्याकाळी आईच्या हातात भरलेला तांब्या द्यायचं. ती पिऊन होईस्तोवर मी तिथनं हलायचो नाही.

आई त्यानंतर अडीच वर्षं जगली. शेवटपर्यंत सोप्यातच होती, आणि नातू तिच्याजवळच झोपायचा. ती गेली त्याच्यानंतर महिनाभर मोत्या मोकळ्या बाजेखाली पडून असायचा.

आता ती बाज माझी आहे. मोत्याही म्हातारा झालाय, तोंड पांढरं पडलंय, एका कानानं ऐकू येत नाही. वर्षातनं दोन-तीनदा त्या पिशव्या अजून भरतात. डॉक्टरनं मला शिकवलंय. हातमोजा, कापूस, कोमट पाणी घेऊन मी पिंपरणीखाली बसतो आणि मोत्या शहाण्यासारखा उभा राहतो. हाताचा वास दोन दिवस जात नाही. मीही तो घालवायला फार घासत नाही.

परवा सोप्यात जरा तसाच वास आला. सूनबाई ताट वाढत होती. तिनं एकदा इकडं-तिकडं बघितलं आणि मग हळूच माझ्याकडं बघितलं. तिची काही चूक नाही. मी पासष्टीत आलोय.

मी म्हणालो, “बाळ, आधी मोत्याचं शेपूट उचलून बघ. तिथं काही नसलं तर मग मला सांग. पण तोंडानं सांग.”